मुद्रांकित बाटल्या



तेल संपले, औषध संपले, की रिकामी बाटली स्वयंपाकघराच्या कोनाड्यात जाते आणि पुढे केव्हातरी 'डबा-बाटली' अशी आरोळी देत येणाऱ्या फेरीवाल्याच्या हाती पडते. तिच्यात जे होते ते मोलाचे. तिचे स्वतःचे मोल चार-दोन रुपये. जगातील बहुतेक बाटल्यांच्या नशिबी हेच येते. परंतु इंग्लंडातील सतराव्या व अठराव्या शतकांतील काही वाइनच्या बाटल्या ह्या नियमाला अपवाद ठरल्या आहेत. त्यांतील मद्य केव्हाच संपले, ते ज्यांनी प्राशन केले त्यांच्या थडग्यांवरील अक्षरेही बहुधा झिजून गेली. पण बाटल्या उरल्या. त्यांतील एखादी चांगली बाटली लिलावात आली, तर तिच्यासाठी हजारो पौंड मोजणारे संग्राहक आजही पुढे येतात. आजच्या भाषणाचा विषय ह्या रिकाम्या बाटल्या हाच आहे. बडोद्यासारख्या दारूबंदीच्या प्रदेशातील श्रोत्यांनीही ते निर्धास्तपणे ऐकावे.

प्रथमदर्शनी ह्या बाटलीत भुलण्यासारखे काही नसते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील युरोपीय काचसामान ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे विलायती काच म्हटली की पैलू पाडलेली, दिव्याच्या उजेडात लखलखणारी पात्रे उभी राहतात. ही बाटली त्या कुळातली नव्हे. ती जाड आहे, जड आहे, बहुधा एका अंगाला किंचित कललेली आहे, आणि तिच्या काचेत बुडबुडे जागच्या जागी गोठलेले आहेत. संग्राहक तिच्या काचेला 'काळी काच' म्हणतात. वास्तविक ती काळी नसते. उजेडासमोर धरली म्हणजे ती गर्द हिरवी, क्वचित मधासारखी पिंगट दिसू लागते. हा काळेपणा कोठून आला, हे पाहू गेल्यास त्याचा धागा थेट एका राजाज्ञेपर्यंत जाऊन पोहोचतो.

इ. स. १६१५ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली. अरण्ये झपाट्याने तुटत होती आणि आरमाराची गलबते बांधण्यासाठी लाकूड राखून ठेवणे अवश्य होते. काचधंद्याची मक्तेदारी पुढे ज्याच्या हाती गेली तो सर रॉबर्ट मॅन्सेल हा स्वतःच आरमारी अधिकारी होता, हा योगायोग मनोरंजक आहे. लाकडाऐवजी भट्टीत दगडी कोळसा आला. कोळशाची आच तीव्र. तिच्यात निघालेली काच अधिक टणक. मात्र कोळशाचा धूर आणि हलक्या वाळूतील लोहाचा अंश ह्यांच्यामुळे तिचा रंग काळवंडला. नितळ पेला करू पाहणाऱ्या कारागिराला हा दोषच वाटला असणार. बाटलीला मात्र तो मानवला. तोपर्यंत इंग्लंडात वाइन पिंपात साठवीत आणि मेजावर आणण्यासाठी मातीच्या, चामड्याच्या किंवा वेताचे वेष्टण घातलेल्या पातळ काचेच्या पात्रात ओतून घेत. आता प्रवासाचे धक्के सोसणारी आणि उजेडापासून मद्याचे रक्षण करणारी बाटली प्रथमच हाती आली.

ही बाटली सिद्ध करण्याचे श्रेय सर केनेल्म डिग्बी ह्या विलक्षण पुरुषाला दिले जाते. त्याचा जन्म १६०३ सालचा. तो तीन वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्याचा बाप सर एव्हरार्ड डिग्बी ह्याला पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून देण्याच्या कॅथॉलिक कटात सामील झाल्याबद्दल देहान्त शिक्षा झाली. अशा बापाचा हा मुलगा पुढे दरबारी झाला, १६२८ साली भूमध्य समुद्रात एक आरमारी लढाई जिंकून आला, तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिता झाला, आणि रॉयल सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांतही त्याचे नाव आहे. घाव ज्या शस्त्राने झाला त्या शस्त्रालाच औषध लावले म्हणजे जखम भरते, असे एक चूर्णही तो मोठ्या गंभीरपणे लोकांना सांगत असे. तेव्हा त्याच्या प्रत्येक दाव्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु बाटलीच्या बाबतीत साक्षीपुरावा आहे. जॉन कॉल्नेट नावाच्या इसमाने १६६१ साली बाटलीच्या शोधाचा एकाधिकार मिळविला, तेव्हा चौकशी होऊन काचकारागिरांनी साक्ष दिली की ही रीत सुमारे तीस वर्षांपूर्वी डिग्बीनेच काढली होती आणि कॉल्नेट हा तर त्याच्या हाताखाली काम करणारा. १६६२ साली कॉल्नेटचा एकाधिकार रद्द झाला.

बाटली घडविण्याची कृती समजून घेतल्याखेरीज संग्राहकाचे डोळे कशावर खिळतात हे कळणार नाही. लोखंडी फुंकनळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा, तो सपाट फरशीवर लोळवून आकारात आणावयाचा आणि फुंकून फुगवावयाचा. बूड आत दाबले म्हणजे बाटली स्थिर उभी राहते. मग दुसरी एक लोखंडी सळई तप्त काचेच्या टिपक्याने बुडाला चिकटवून फुंकनळी मानेपासून तोडावयाची. तोंड भट्टीत पुन्हा तापवून गुळगुळीत करावयाचे आणि त्याच्या जरा खाली काचेचा एक धागा कड्यासारखा गुंडाळावयाचा; कारण बूच उडू नये म्हणून ते सुतळीने बांधीत आणि सुतळीला अडकण्यास आधार हवा. शेवटी सळई झटक्याने तोडली, की बुडाशी खरखरीत वण राहतो. हा वण म्हणजे बाटलीची बेंबीच. जाणता संग्राहक बाटली हाती घेताच प्रथम ती उलटी करतो, ती ह्यासाठी.

आकाराच्या बाबतीत ह्या बाटल्यांचा इतिहास बराचसा मानेचा इतिहास आहे. १६५० च्या आसपासची बाटली म्हणजे गोल भोपळा आणि त्यावर लांब दांडी. तंबोरा उभा धरावा तशी. पुढे मान आखूड होत गेली, पोट पसरत गेले, आणि १६८० नंतर बाटली कांद्यासारखी बसकी झाली. संग्राहकांच्या परिभाषेत तिचे नावच 'कांदा' आहे. १७२० नंतर तिच्या बाजू सरळ होऊन ती लाकडी मोगरीसारखी दिसू लागली, आणि १७४० नंतर हळूहळू आजच्या ओळखीचा नळकांड्यासारखा आकार आला. हा केवळ फॅशनचा खेळ नव्हता. कांद्यासारखी बाटली आडवी निजवता येत नाही. उभ्या बाटलीचे बूच वाळते, वाळले की आकसते, आणि हवा आत शिरून वाइन आंबते. नळकांडे मात्र एकावर एक रचून वर्षानुवर्षे निजवता येते. बूच ओले राहते.

ह्या बदलाला राजकारणाचाही हातभार लागला. १७०३ सालच्या मेथ्यूएन तहाने पोर्तुगालच्या वाइनवरील जकात फ्रेंच वाइनच्या मानाने एकतृतीयांशाने कमी झाली, आणि इंग्रज माणूस पोर्ट पिऊ लागला. पोर्ट मुरण्यास काळ हवा, काळ काढण्यास आडवी बाटली हवी. पोर्तुगालचे नाव निघाले म्हणून सांगावयाचे, गोव्यातील श्रोत्यांना पोर्तुगीज काचपात्राची ओळख करून देण्याची गरज नाही. फेणी साठविण्याचे, वेताच्या वेष्टणातले ते पोटाळ गराफांव कित्येक घरांच्या माळ्यावर अजून असतील. इंग्रजी बाटलीचे आणि त्याचे नाते दूरचे. पण पोटात काय आहे ह्यावरून दोघांचीही किंमत ठरली आणि पोट रिते झाल्यावर दोघांचीही उपेक्षा झाली, एवढे साम्य खरे.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे, म्हणजे अक्षरशः मुद्रेकडे येऊ. फुंकून केलेल्या दोन बाटल्या कधीच सारख्या मापाच्या होत नाहीत. त्यामुळे सतराव्या शतकात बाटलीला माप मानून वाइन विकण्यास मोकळीक नव्हती. विक्रेत्याने ती प्रमाणित मापाने मोजून द्यावी, आणि नेण्याचे पात्र गिऱ्हाइकाने आणावे. रॉकेलसाठी मानेला दोरी बांधलेली स्वतःची बाटली घेऊन दुकानासमोर रांगेत उभे राहण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. मग प्रश्न उभा राही, की शे-दीडशे बाटल्यांत आपली कोणती? ह्यावर तोडगा म्हणून बाटली गरम असतानाच तिच्या खांद्यावर वितळलेल्या काचेचा एक थेंब टाकीत आणि त्यावर धातूचा ठसा दाबीत. लाखेवर मोहोर उठवावी तशी काचेची चकती तयार होई. तीत मालकाची आद्याक्षरे, कुलचिन्ह, मद्यगृहाचे चित्र, आणि पुष्कळदा सालही.

आपल्याकडे लग्नात दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत आहे. लग्नघरातील गर्दीत आपला हंडा आपल्याकडेच परत यावा, हा तिचा व्यावहारिक हेतू. पण दोन पिढ्यांनंतर तो हंडा घासणाऱ्या नातसुनेला त्यावर आजेसासूचे नाव व तिथी सापडते, तेव्हा ते भांडे दस्तऐवज होऊन बसते. इंग्रजी बाटलीचे नेमके तसेच झाले. कित्येक मुद्रांवर तीन अक्षरे त्रिकोणात मांडलेली असतात: वर आडनावाचे अक्षर, खाली एका बाजूस नवऱ्याचे व दुसऱ्या बाजूस बायकोचे. ज्या काळात स्त्रीच्या नावावर फारच थोड्या गोष्टी असत, त्या काळात घरातील बाटलीवर तिचे अक्षर असावे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सॅम्युएल पीप्स हा सतराव्या शतकातील प्रसिद्ध रोजनिशीकार. २३ ऑक्टोबर १६६३ च्या नोंदीत तो सांगतो की लंडनच्या 'माइटर' मद्यगृहात जाऊन त्याने आपल्या नव्या बाटल्यांत वाइन भरताना पाहिली. त्या पाच-सहा डझन होत्या आणि त्यांवर त्याचे चिन्ह होते. शिंप्याचा मुलगा, नोकरीत नुकता वर चढलेला. त्याला ह्या काचेच्या चकत्यांचे केवढे अप्रूप वाटले असेल, हे त्या नोंदीवरून सहज कळते. सालाची मुद्रा असलेल्या अखंड बाटल्यांपैकी जुन्यांत जुन्या गणल्या जाणाऱ्या एका बाटलीवर १६५७ हे साल आहे, आणि ती नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात आहे.

हे सारे जुने सामान कचऱ्यातून उचलून शास्त्राच्या कक्षेत आणण्याचे काम ऑक्सफर्ड येथे झाले, आणि त्याचा आरंभ दोन शाळकरी मुलांनी केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९०६ च्या सुमारास ऑक्सफर्ड शहरात जुनी घरे पाडून नव्या इमारतींचे पाये खोदले जात होते. मजुरांच्या कुदळींखाली जुन्या विहिरी, शौचकूप, तळघरे उघडी पडत. खापरे आणि काच निघत आणि मातीबरोबर गाड्यांत भरून जात. सिटी ऑफ ऑक्सफर्ड हायस्कूलचे दोन विद्यार्थी रोज ह्या पायांभोवती घिरट्या घालीत, मजुरांच्या हातावर चार पैसे ठेवीत, आणि जे निघेल ते अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात नेऊन देत. १९०६ च्या वार्षिक अहवालात संग्रहालयाने ह्या दोघांच्या अखंड जागरूकतेचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. त्यांतील एकाचे नाव थॉमस एडवर्ड लॉरेन्स. पुढे पहिल्या महायुद्धात तो 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगविख्यात झाला. दुसरा सिरिल बीसन. त्याचे नाव जगाला ठाऊक नाही. पण भारताच्या वनविद्येच्या इतिहासात ते आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्याने कीटकशास्त्रज्ञ म्हणून दीर्घकाळ काम केले आणि भारतातील वनांच्या किडींवरील त्याचा १९४१ सालचा ग्रंथ त्या विषयात प्रमाण मानला गेला. पायाच्या चरातून बाटलीचा तुकडा शोधणारी नजर आणि सागाच्या सालीखालची अळी शोधणारी नजर एकच, असे म्हणावेसे वाटते.

१९०८ साली ह्याच संग्रहालयात एडवर्ड थर्लो लीड्स हा विद्वान रुजू झाला. सॅक्सन दागिने हे त्याचे मुख्य क्षेत्र. तरीही १९१४ साली त्याने स्ट्यूअर्ट काळातील वाइनच्या बाटल्यांच्या कालनिश्चितीवर एक लेख लिहिला. त्याची युक्ती साधी होती. ऑक्सफर्डच्या मद्यगृहांच्या बाटल्यांवर गृहाचे चिन्ह असे, कोठे मुकुट, कोठे मत्स्यकन्या, कोठे राजाचे मस्तक, आणि त्याशेजारी चालकाची आद्याक्षरे असत. मद्यविक्रीचा परवाना कोणाच्या नावे केव्हापासून केव्हापर्यंत होता, ह्याची नोंद शहराच्या व विद्यापीठाच्या दप्तरांत होती. चालक वारला आणि परवाना विधवेच्या नावे झाला, की नव्या बाटल्यांवर तिचे अक्षर येई. मुद्रा आणि दप्तर एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे त्या बाटलीचा काळ दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात बसे. अशा निश्चित बाटल्या ओळीने मांडल्यावर मान कशी आखूड होत गेली हे डोळ्यांना दिसू लागले. मग जिच्यावर मुद्राच नाही अशा बाटलीचेही वय नुसत्या आकारावरून सांगता येऊ लागले. बोडलियन ग्रंथालयाच्या नव्या इमारतीसाठी ब्रॉड स्ट्रीटवरील जुन्या घरांखालची जमीन खोदली गेली, तेव्हा निघालेल्या काचसामानावर लीड्सने १९३८ मध्ये पुन्हा लिहिले, आणि १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या मद्यगृहांच्या बाटल्यांचा विषय आणखी विस्ताराने मांडला.

लीड्सने जे केले त्याचा पल्ला ऑक्सफर्डपुरता राहिला नाही. बाटली स्वस्त होती, लवकर फुटत होती, आणि इंग्रजांचे गलबत जेथे गेले तेथे ती गेली. म्हणून समुद्रापलीकडच्या वसाहतीत एखाद्या घराच्या पायाशी कांद्याच्या आकाराच्या बाटलीचे बूड सापडले, तर त्या घराच्या वयाचा अंदाज करता येतो. आयव्हर नोएल ह्यूम ह्या उत्खननकाराने व्हर्जिनियातील बाटल्यांचा असा क्रम लावून १९६१ साली प्रसिद्ध केला. जमैकातील पोर्ट रॉयल हे बंदर ७ जून १६९२ च्या भूकंपात काही मिनिटांत समुद्रात गेले. तेथून वर काढलेल्या बाटल्यांना तर ती तारीख म्हणजे एक पक्की सीमारेषाच आहे. त्या थरातली बाटली त्या दिवसानंतरची असूच शकत नाही.

येथेच संग्रहाच्या छंदातील खरा पेच उभा राहतो. लॉरेन्स व बीसन ह्यांनी बाटल्या जमविल्या आणि संग्रहालयाला दिल्या. लीड्सने त्यांचे स्थान पाहून त्यांचे वय ठरविले. परंतु त्याने एकदा वय ठरविल्यावर, ज्याला केवळ बाटली हवी होती त्याला स्थान जपण्याची गरज उरली नाही. १९६० नंतरच्या दोन दशकांत ब्रिटनमध्ये जुने उकिरडे खणून बाटल्या काढण्याचा छंद फोफावला. बहुतेकांना मिळाल्या त्या एकोणिसाव्या शतकातील सोड्याच्या व औषधाच्या बाटल्या, आणि त्यात फारसे काही बिघडले नाही. पण सतराव्या शतकातील विहिरीत कोणी रात्री उतरून एक मुद्रांकित बाटली वर आणतो आणि तिच्याभोवतीची खापरे, चिलमींचे तुकडे, हाडे, बिया विस्कटून टाकतो, तेव्हा तो एक वस्तू मिळवून एक पूर्ण पान फाडतो. सुरिनाम आणि गयाना येथील नद्यांच्या तळातून पाणबुडे बाटल्या काढून बाजारात आणतात. त्यांतील पुष्कळ डच बनावटीच्या. त्या सुंदर असतात. त्या कोणत्या धक्क्याशी, कोणत्या गलबताबरोबर बुडाल्या, हे मात्र विकत घेणाऱ्याला कोणी सांगू शकत नाही.

ह्याउलट उदाहरण पाहावयाचे तर 'ग्लॉस्टर' ह्या युद्धनौकेचे. पुढे दुसरा जेम्स म्हणून राज्यावर आलेला ड्यूक ऑफ यॉर्क ह्या नौकेतून प्रवास करीत असता ६ मे १६८२ रोजी ती नॉरफकच्या किनाऱ्यापासून दूर वाळूच्या दांड्यावर आदळून बुडाली. ड्यूक वाचला, शेकडो माणसे गेली. दोघा भावांनी अनेक वर्षे समुद्रतळ धुंडाळून २००७ साली तिचे अवशेष शोधले. त्यांनी ही गोष्ट अधिकाऱ्यांना कळविली, आणि जागा सुरक्षित होईपर्यंत ती पंधरा वर्षे लोकांपुढे आली नाही. २०२२ साली ती जाहीर झाली. वर आलेल्या वस्तूंत बूच शाबूत असलेल्या वाइनच्या बाटल्या होत्या, आणि त्यांतील एकीवर लेग घराण्याच्या कुलचिन्हाची मुद्रा. बाटली कोणाची, कोणत्या प्रवासातली आणि कोणत्या दिवशी ती पाण्याखाली गेली, ह्या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. एवढी पूर्ण जन्मपत्रिका असलेली बाटली विरळा.

अगदी अलीकडे, २०२४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाड्याच्या तळघरात जमिनीखालच्या खड्ड्यांतून अठराव्या शतकातील पस्तीस बाटल्या निघाल्या. त्यांतील एकोणतीस अभंग होत्या. आत वाइन नव्हती. चेरी आणि इतर फळे होती, देठांसकट. तेथील स्वयंपाकघरात राबणाऱ्या गुलामांनी ती खुडून भरून ठेवली असणार. कोणाची मुद्रा त्यांना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण बाटल्या मूळ जागी सापडल्या म्हणून त्या हातांचे काम आज कळते.

इंग्लंडात ह्या बाबतीत काही निर्बंध आहेत. टेम्स नदीच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या गाळात शोध घेण्यास लंडन बंदराच्या अधिकाऱ्यांचा परवाना लागतो, आणि तीनशे वर्षांहून जुनी वस्तू मिळाल्यास ती संग्रहालयाच्या तज्ज्ञाला दाखवावी लागते. ती नोंदली गेली की बहुधा सापडणाऱ्याकडे परत येते. फुटक्या बाटलीची नुसती मुद्रा, जेमतेम रुपयाएवढी, अशी पुष्कळांनी मिळविलेली आहे. अखंड बाटली परवडत नाही अशा सामान्य संग्राहकाचा हा आवडता मार्ग. तो गरिबाचा असला तरी कमी प्रतीचा नव्हे. वाचावयाचे असते ते मुद्रेवरच असते.

ज्याला अखंड बाटली घ्यावयाची आहे त्याने सावध राहिलेले बरे. नव्या काचेत हुबेहूब कांदे फुंकून देणारे कारागीर आहेत. ते प्रामाणिकपणे नक्कल म्हणून विकतात, पण दोन हात बदलल्यावर नक्कल हा शब्द गळून पडतो. अस्सल जुन्या साध्या बाटलीवर दुसरीकडची सुटी मुद्रा चिकटविणे ही आणखी धूर्त युक्ती. गरम काचेवर गरम काच बसली म्हणजे मुद्रेची कड बाटलीच्या अंगात विरघळून गेलेली असते. चिकटविलेल्या मुद्रेभोवती सांध्याची रेषा राहते. बुडाकडेही पाहावे. शंभर वर्षे मेजावर आणि फरशीवर ठेवली-उचलली गेलेली बाटली जेथे टेकते तेथे बारीक ओरखड्यांचे वलय पडलेले असते, आणि ते ओरखडे नाना दिशांना गेलेले असतात. कानशीने केलेले ओरखडे एकाच दिशेचे.

मातीत पडून राहिलेल्या काचेवर मोरपिसासारखे रंग चढतात. ओलाव्यामुळे काचेतील क्षार झिरपून जातात, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात, आणि त्या पातळ पापुद्र्यांत प्रकाश फाकतो. दिसण्यास हे लोभस. वस्तुतः ती काचेची झीज आहे. नवखा संग्राहक हौसेने बाटली घासून चकचकीत करतो आणि तीनशे वर्षांची कातडी मोरीत वाहून जाते. बाटली कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावी, आणि पापुद्रा सुटत असेल तर तिला पाणीही लावू नये.

ह्या बाटल्यांचे युग संपले ते यंत्राने. ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्स ह्याने १८२१ साली अशा साच्याचा एकाधिकार घेतला, की ज्यात बाटलीचे अंग, खांदा आणि मान एकदम घडे. आता प्रत्येक बाटली दुसरीसारखी झाली. बुडावर गोलाकार अक्षरे उमटली ती कारखान्याची. काचेवर वजनाने घेतला जाणारा, १७४६ पासून चालू असलेला कर १८४५ साली उठला आणि बाटली आणखी स्वस्त झाली. पुढे मापाची खात्री पटल्यावर वाइन बाटलीनेच विकली जाऊ लागली, आणि स्वतःची बाटली टोपलीत घालून मद्यगृहात धाडण्याचे कारणच उरले नाही. मुद्रा काही घराण्यांनी आणि ऑक्सफर्डच्या काही महाविद्यालयांनी हौसेने चालू ठेवल्या. ऑल सोल्स कॉलेजच्या बाटल्यांवरील चार अक्षरे संग्राहकांच्या चांगल्या परिचयाची आहेत.

शीला रगल्स-ब्राइस ह्या विदुषीने १९४९ साली मुद्रांकित बाटल्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर डेव्हिड बर्टन ह्यांनी ह्या मुद्रा व त्यांच्या मागची घराणी ह्यांवर तीन जाडजूड खंड सिद्ध केले. चर्चमधील जन्ममृत्यूच्या वह्या, मृत्युपत्रे, परवान्यांची दप्तरे ह्यांत शोध घेऊन एकेका अक्षराला माणूस मिळवून द्यावयाचा, असे हे काम आहे. कोठे कुलचिन्हावरून सरदार सापडतो, कोठे गावाचे नाव असल्यामुळे पाद्री किंवा वैद्य ओळखू येतो. नुसती तीन अक्षरे आणि साल असलेल्या कितीतरी मुद्रांना मात्र अजून धनी मिळालेला नाही.